इष्टापत्तीचा सिद्धान्त आणि वाई परगणा

औरंगजेब दक्षिणेत उतरला ही महाराष्ट्राच्या दृष्टीने इष्टापत्तीच ठरली, हा सिद्धान्त आमच्याकडे व्याख्यानपीठांवरून आणि उत्सवांच्या मांडवांतून इतक्या निःशंकपणे उच्चारला जातो की, त्याची उलटतपासणी करू पाहणाऱ्यास आधी आपल्या देशाभिमानाचा दाखला काढून दाखवावा लागतो. पातशहा १६८१ साली अजमेराहून निघाला, पंचवीस वर्षे सह्याद्रीच्या किल्ल्यांशी झुंजला आणि १७०७ च्या आरंभी अहमदनगरास हताश होऊन मेला. त्याच्या मागे त्याची पातशाही खिळखिळी झाली. इकडे राजा कैद होऊन मारला गेला असता, राजधानी पडली असता आणि खजिन्यात दमडी नसता मराठे जे लढले त्या लढण्यातून राष्ट्र तावून सुलाखून निघाले आणि पुढच्या पन्नास वर्षांत त्यांची घोडी सिंधू नदीचे पाणी प्याली. सबब ही स्वारी झाली नसती तर साम्राज्यही झाले नसते, असा हा युक्तिवाद आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या वीस वर्षांच्या युद्धाला राष्ट्राच्या शिक्षणाचे स्थान दिले, तेव्हा त्यामागे परतंत्र देशाला धीर देण्याचा एक उदात्त हेतू होता, आणि त्या हेतूविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु रानड्यांनी जे विवेकाने आणि मर्यादेने म्हटले ते त्यांच्या मागून आलेल्यांनी मर्यादा सोडून म्हटले, आणि आता तर परचक्र म्हणजे जणू एखादी तालीमच, ज्या राष्ट्राला बळकट व्हावयाचे असेल त्याने ती एकवार करून घ्यावी, असा अर्थ तरुण श्रोते घेऊन घरी जातात. या अर्थाचा प्रतिवाद करणे आम्हांस अवश्य वाटते.

स्वारीचे परिणाम कोठे उभे राहून मोजावयाचे, हा या वादातील मूळ प्रश्न आहे. दिल्लीच्या तख्ताकडे तोंड करून सर जदुनाथ सरकारांनी हिशेब मांडला तेव्हा त्यांस दक्षिणेची मोहीम हे पातशाहीच्या देहावरचे चिघळलेले क्षत दिसले. अटकेकडे तोंड करून आमचे व्याख्याते हिशेब मांडतात तेव्हा त्यांस तीच मोहीम वरदान वाटते. दोघांच्याही वह्यांत ज्या मुलखावर ती मोहीम पंचवीस वर्षे बसून राहिली त्या मुलखाचे खाते मात्र कोरे असते. आम्ही हा हिशेब वाई परगण्यात उभे राहून पाहू इच्छितो. वाई हा काही आडबाजूचा गाव नव्हे. कृष्णेच्या काठी, पांडवगड आणि वैराटगड यांच्या कुशीत वसलेला हा कसबा देशावरून जावळीत आणि कोकणात उतरणाऱ्या वाटांच्या तोंडाशी आहे, आणि म्हणूनच एकाच पिढीच्या अवधीत त्याच्या छातीवर दोन मोठ्या स्वाऱ्या येऊन बसल्या. त्या दोहोंची तुलना केल्यावाचून इष्टापत्तीच्या सिद्धान्ताची किंमत कळावयाची नाही.

पहिली स्वारी अफझलखानाची. वाईची सुभेदारी त्याच्याकडे १६४९ पासून होती; येथला वसूल, येथले देशमुख, येथल्या वाटा त्याच्या पायाखालच्या होत्या, आणि १६५९ साली विजापुराहून निघालेल्या त्या फौजेने आपला तळ याच कसब्याच्या आसमंतात दिला. मावळच्या देशमुखांस आदिलशाही फर्माने गेली. वतन राखावयाचे असेल तर खानाकडे रुजू व्हावे, नाहीपेक्षा वतनासह बुडावे, असा त्यांचा मतलब होता. खंडोजी खोपडे रुजू झाला. कान्होजी जेध्यांनी आपल्या वतनावर पाणी सोडले आणि ते शिवाजी महाराजांच्या पायाशी आले. १० नोव्हेंबर रोजी प्रतापगडाखाली खान पडला, त्याची फौज जावळीच्या रानात मोडली, आणि अठरा दिवसांत मराठे पन्हाळ्यावर होते. वाईपुरती ती स्वारी एका पावसाळ्यात आटोपली. राजा गडावर होता, गड राजाच्या हाती होता, कोणाला काय द्यावयाचे आणि कोणाचे काय काढून घ्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार एका क्षणासाठीही त्याच्या मुठीतून सुटला नव्हता. उलट ज्यांनी वतनासाठी शत्रूची कास धरली त्यांस पुढे जबर शासन झाले. या स्वारीतून राज्य अधिक बळकट होऊन बाहेर पडले असे कोणी म्हटल्यास आम्ही हरकत घेणार नाही. नेपोलियनची रशियावरील १८१२ सालची स्वारीही उन्हाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यात संपली होती, आणि रशियाचा झार त्यानंतर दोन वर्षांच्या आत पॅरिसात घोड्यावर बसून शिरला होता. अल्पकाळची स्वारी राज्याला धक्का देते. तो राज्याने पचविला तर त्याचे बळ वाढते, यात नवल नाही.

औरंगजेबाची स्वारी ही निराळ्या जातीची गोष्ट होती, आणि इष्टापत्तीवाद्यांची पहिली चूक अशी की ते या दोहोंस एकाच मापाने मोजतात. १६८६ साली विजापूर आणि १६८७ साली गोवळकोंडे बुडाल्यावर पातशहाची सारी फौज मराठ्यांवर मोकळी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस, काल-परवापर्यंत विजापूरचा सरदार असलेला आणि आता मोगलांचा चाकर झालेला सर्जाखान वाईच्या परिसरात आला. सरनोबत हंबीरराव मोहिते त्याच्यावर चालून गेले. लढाईत मराठ्यांचा जय झाला आणि तोफेचा गोळा लागून हंबीरराव पडले. वाईकरांस या लढाईचा अभिमान वाटणे योग्यच आहे. तथापि चौदा महिन्यांनी संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले तेव्हा त्यांच्या फौजेस हंबीररावांच्या तोडीचा सेनापती नव्हता, हे त्या जयाचे मोल होते. फेब्रुवारी १६८९ मध्ये राजा कैद झाला, मार्चात त्याचा वध झाला, एप्रिलात राजाराम महाराज रायगडावरून निसटून पुढे जिंजीस गेले, नोव्हेंबरात रायगड पडून येसूबाई आणि बाळ शाहू पातशहाच्या छावणीत गेले. या नऊ महिन्यांत जे बुडाले त्याला आमचे व्याख्याते राजधानी म्हणतात. बुडाले ते राजधानीहून पुष्कळ मोठे होते, आणि त्याचा विचार आम्ही पुढे करणारच आहोत. आधी जमिनीचा हिशेब.

जेमेल्ली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी १६९५ साली गलगल्याच्या मुक्कामी पातशहाची छावणी पाहून गेला. ते गलगले आमच्याच कृष्णेच्या खालच्या अंगास आहे. छावणीचा घेर तीस मैलांचा आणि तीतील माणसांची गणती पाच लाखांच्या घरात, असे तो सांगतो. प्रवाशाचा आकडा आहे, वजा घालावी तेवढी थोडीच. निम्मा केला तरी त्या काळच्या दक्षिणेतील कोणत्याही शहराहून मोठे असे एक शहर वर्षानुवर्षे या मुलखातून सरकत होते, आणि ते काहीही पिकवीत नव्हते. घोड्याला चंदी लागते, बैलाला कडबा लागतो, तोफा ओढावयास बैल लागतात, मोर्चे बांधावयास आणि सुरुंगांच्या बगलांस आधार द्यावयास लाकूड लागते, आणि हे सारे बऱ्हाणपुराहून येत नसते. लमाणांचे तांडे धान्य आणीत तोवर छावणी ते विकत घेई. तांडा मराठ्यांनी लुटला की छावणी हाताशी असलेल्या गावात शिरे.

हे शहर डिसेंबर १६९९ मध्ये साताऱ्याखाली येऊन उभे राहिले. खासा पातशहाचा डेरा करंज्यास पडला होता, असे साताऱ्याचा पहिला रेसिडेंट ग्रँट डफ लिहितो. किल्ल्यावर प्रयागजी प्रभू होता आणि त्याने साडेचार महिने किल्ला झुंजविला. १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी उडविलेला सुरुंग त्यांच्याच अंगावर आला, तट बाहेर कोसळला आणि सुमारे दोन हजार मोगल त्याखाली गाडले गेले. आठ दिवसांनी किल्ला स्वाधीन झाला आणि त्याचे नाव आझमतारा पडले. जूनमध्ये परळी, म्हणजे आमचा सज्जनगड, गेला. पुढच्या वर्षी फत्तेउल्लाखानाने वर्धनगड, नांदगिरी, चंदन आणि वंदन घेतले. याचा अर्थ असा की, १६८७ पासून १७०१ पर्यंत वाई आणि सातारा यांच्या दरम्यानच्या खोऱ्यात पेरणीच्या वेळी अथवा सुगीच्या वेळी कोणाची ना कोणाची फौज नाही असे वर्ष शोधूनच काढावे लागेल. दिवाळीत जोंधळा कणसात येतो आणि दिवाळीतच मोहिमा सुरू होतात, ही साधी गोष्ट ज्यांस ठाऊक नाही त्यांनी युद्धाच्या परिणामांवर बोलू नये.

त्यावर दैविक आले. १७०२ पासून १७०४ पर्यंत दक्षिणेत दुष्काळ आणि मरी यांनी वीस लाखांहून अधिक माणसे खाल्ली, असे निकोलाव मनुची लिहितो. मनुची मद्रासेकडे राहून बहुतांशी ऐकीव लिहितो आणि त्याला मोठ्या आकड्यांची हौस आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या भीमसेन सक्सेन्याने मोगलांच्या चाकरीत राहून या मोहिमा डोळ्यांनी पाहिल्या, आणि ज्याला मराठ्यांची वकिली करण्याचे काही कारण नव्हते, तोही हेच सांगतो की कुणब्यांनी जमीन सोडली आणि जहागीरदारांस वसुलाचा पैसा मिळेना. तेव्हा आकड्याविषयी वाद घाला. वस्तुस्थितीविषयी घालता येत नाही. पाऊस न पडणे ही अस्मानी. परंतु साधा दुष्काळ महामारीच्या कोटीस जातो तो पेवे आधीच रिकामी झालेली असतात, बैल आधीच वेठीला गेलेले असतात आणि एका मुलखाचे धान्य दुसऱ्या मुलखात जाण्याच्या वाटा बंद असतात म्हणून, आणि ही सुलतानी आहे.

येथे मराठ्यांच्या पक्षाचीही एक गोष्ट सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. खाफीखान म्हणतो की, मराठ्यांनी मोगली सुभ्यांतून आपले सुभेदार, कमाविसदार आणि राहदार नेमले होते. आमचे लेखक हे वाक्य अभिमानाने उद्धृत करतात, कारण त्यातून पातशहाची दुर्बलता सिद्ध होते. त्याच वाक्याकडे गावच्या पाटलाच्या ओट्यावरून पाहिले तर काय दिसते? एकाच पिकावर दोन सरकारांचे वसूलदार दिसतात. दिवसा ठाण्याचा फौजदार तनखा मागतो, रात्री घासदाण्याचा रोखा येतो. पहिल्यास दिले तर दुसरा गाव जाळतो, दुसऱ्यास दिले तर पहिला पाटील ओलीस नेतो. दोघांस देऊन उरेल इतके पीक सह्याद्रीच्या उतारावर कधीच येत नव्हते. दुअमल म्हणतात ते हेच. अशा स्थितीत कुणबी परागंदा होई, त्याची जमीन पड राहून पुढे कागदोपत्री गतकुळी म्हणून चढे, किंवा तो नांगर ठेवून घोड्यावर बसे आणि दुसऱ्याच्या गावात घासदाणा मागू लागे. या दुसऱ्या प्रकारास लोकयुद्ध असे भारदस्त नाव देण्यात येते. त्यात शौर्य होते, हे आम्ही नाकारीत नाही. ताराबाईंसारखी पंचविशीची विधवा राणी, जिचा बाप हंबीरराव वाईच्या रानात पडला, तिने सात वर्षे पातशहास दाद दिली नाही, हे कोणत्याही राष्ट्राच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावे असेच आहे. परंतु शौर्य हा स्वारीचा परिणाम म्हणून जमेस धरावयाचा आणि निर्मनुष्य झालेली गावे मात्र दैवाच्या खाती टाकावयाची, ही हिशेबाची पद्धत आम्हांस मान्य नाही.

आता आमचा मुख्य मुद्दा. पडीक जमीन पुन्हा लागवडीस येते. कौल देऊन, इस्तावा बांधून, दहा-वीस वर्षांत गाव वसविता येतो, आणि शाहू महाराजांच्या अमदानीत तो वसविलाही गेला. जे पुन्हा वसविता आले नाही ते शिवछत्रपतींचे राज्ययंत्र. सरदारास जहागीर तोडून द्यावयाची नाही, फौजेचा पगार खजिन्यातून अगर वरातेने द्यावयाचा, वतनदाराचा परंपरागत हक्क ठरवून द्यावयाचा परंतु त्याच्या कोटांचे बुरूज पाडून त्याला इतर रयतेसारखे साध्या घरात राहावयास लावावयाचे, आणि नवे वतन सहसा निर्माण करावयाचे नाही, ही त्या यंत्राची मुख्य सूत्रे कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आढळतात. ती बखर त्याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीच्या मुक्कामी लिहिली, याचे मर्म फारसे कोणी लक्षात घेत नाही. ज्या क्षणी ती सूत्रे कागदावर उतरत होती त्या क्षणी ती व्यवहारातून नाहीशी होत होती, आणि ती नाहीशी करणारा हात, नाइलाजाने का होईना, त्याच दरबाराचा होता.

कारण उघड आहे. राजा जिंजीस, रायगड शत्रूकडे, रोकड कोठेच नाही, आणि फौज तर पाहिजे. औरंगजेब प्रत्येक देशमुखास, प्रत्येक नाईकवाडीस, पाच घोडी बाळगणाऱ्या प्रत्येक शिलेदारास मनसब आणि वतन यांचे आमिष दाखवीत होता. तो देतो तेवढे आपण न दिले तर उद्या पागा तिकडे जाईल, हे रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण यांस दिसत होते. तेव्हा देणे सुरू झाले. १६९१ साली हणमंतराव घोरपड्यांस लिहिलेल्या पत्रात रायगड, विजापूर, भागानगर आणि औरंगाबाद हस्तगत झाल्यावर इतके, आणि दिल्ली घेतल्यावर उरलेले, असा लाखो होनांचा करार राजारामांच्या दरबाराने केला आहे. व्याख्यानांतून हे पत्र मराठ्यांच्या महत्त्वाकांक्षेचा पुरावा म्हणून वाचले जाते, आणि टाळ्याही पडतात. आम्हांस त्यात महत्त्वाकांक्षेपेक्षा रिकामा खजिना अधिक स्पष्ट दिसतो. ज्याच्याजवळ आजचा पगार देण्यास पैसा नाही तोच उद्या जिंकावयाच्या मुलखावर हुंडी लिहितो. जो मुलूख सोडवाल तो तुमच्या सरंजामास, ही त्या काळची सर्वसाधारण भाषा झाली, आणि सरंजाम एकदा दिला की तो बापाकडून लेकाकडे गेला.

या देण्याचे स्वरूप कोणी पूर्णपणे ओळखले असेल तर ते देणाऱ्यानेच. युद्ध संपल्यावर, १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या दरबारासाठी रामचंद्रपंतांनी आज्ञापत्र लिहिले. त्यातील वृत्तिवंतांचे प्रकरण ज्याने वाचले असेल त्यास त्यातील कडवटपणा विसरता येणार नाही. वतनदार हे नावाला वतनदार, वस्तुतः लहान लहान राजेच आहेत. त्यांस राज्य एकाच्या हाती राहावे असे वाटत नाही. परचक्र आले की वतनाच्या आशेने ते शत्रूशी आधी सूत बांधतात आणि घरचा भेद त्यास सांगतात. सबब नवे वतन देऊ नये, असा त्याचा आशय आहे. ज्या पुरुषाने पंचवीस वर्षांच्या युद्धात निरुपायाने वतने दिली, त्यानेच वृद्धपणी हे लिहावे, याहून इष्टापत्तीच्या सिद्धान्ताला सबळ उत्तर ते कोणते? अमात्यांच्या स्वतःच्या वंशाकडेही बावड्याची जहागीर राहिलीच. तो दोष आम्ही त्यांस देत नाही, ती काळाची ताकद होती.

आणि येथेच आमच्या वाईचा कलंक म्हणून सांगितली जाणारी गोष्ट येते. ओझर्ड्याच्या पिसाळांपैकी सूर्याजीने वाईच्या देशमुखीच्या लोभाने रायगडाचा दरवाजा उघडला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे, आणि मराठी मुलखात घरभेद्यास सूर्याजी पिसाळ म्हणण्याची चालच पडली आहे. इष्टापत्तीवाद्यांस ही कथा फार सोयीची आहे. स्वारीने चांगले झाले ते राष्ट्राच्या गुणाने, वाईट झाले ते फितुराच्या दोषाने, अशी वाटणी केली की स्वारीच्या माथी काहीच उरत नाही. त्या कथेच्या खरेपणाविषयी इतिहासकारांत एकमत नाही. राजा निघून गेलेला, वेढा मार्चापासून पडलेला, बाहेरून कुमक येण्याची आशा नाही, आणि एवढा किल्ला नोव्हेंबरात खाली झाला, याचे कारण सांगण्यास एका माणसाच्या लोभाची गरज आहे असे आम्हांस वाटत नाही. पण वादासाठी कथा अक्षरशः खरी धरू. मग प्रश्न असा की, वाईची देशमुखी देण्याचा अधिकार पातशहाच्या सरदाराला कोठून आला, आणि ती मिळाल्यावर टिकेल असा भरवसा घेणाऱ्यास का वाटला? कारण त्या वर्षी महाराष्ट्रातील प्रत्येक वतन लिलावास निघाले होते. एका भावाने मोगली फर्मान आणावे, दुसऱ्याने जिंजीची सनद आणावी, तिसऱ्याने गोतसभा भरवून महजर करावा, आणि ज्याच्या पाठीशी त्या महिन्यात फौज असेल त्याने वाड्यात राहावे, हा प्रकार एकट्या वाईत चालला होता असे नव्हे. म्हसवडचे माने, जतचे डफळे यांच्या त्या काळच्या निष्ठा कोणत्या साली कोणीकडे होत्या हे सांगताना जाणत्या अभ्यासकांचीही तारांबळ उडते. संताजी घोरपड्यांसारखा सेनानी, ज्याच्या नावाने मोगल सरदार कापत, तो १६९७ साली मोगलांच्या हातून मेला नाही. म्हसवडच्या नागोजी मान्यांनी, आपल्या मेहुण्याचा सूड म्हणून, त्याला एकटा गाठून मारले. याला फितुरी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. सत्ता कोणाची हे वर्षानुवर्षे अनिश्चित ठेवणारी स्वारी माणसास आपल्या घराण्यापलीकडे पाहू देत नाही, आणि मग वैर, लोभ, भय ही सारी एकाच कागदावर सनदेच्या रूपाने उतरतात.

यावर आम्हांस असा प्रश्न केला जाईल की, रामचंद्रपंतांनी दुसरे काय करावयास हवे होते? काहीही नाही. त्या प्रसंगी दुसरा मार्ग नव्हता, आणि त्या मार्गाने गेले म्हणूनच राज्य नावाला तरी उरले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु जे निरुपायाने पत्करावे लागले त्याला वरदान म्हणू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. अवयव तोडून रोग्याचा जीव वाचविणाऱ्या वैद्याचे उपकार मानावेत. रोगाचे मानू नयेत.

दुसरा आक्षेप अधिक सुंदर आहे, कारण तो दगडात बांधलेला आहे. वाईचे घाट पाहा, असे आम्हांस सांगण्यात येते. रास्त्यांनी १७५७ साली बांधलेले काशीविश्वेश्वराचे देऊळ पाहा, १७६२ सालचा ढोल्या गणपती पाहा, मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा पाहा, आणि मग म्हणा की स्वारीनंतर हा मुलूख भिकेस लागला! आम्ही हे सारे नित्य पाहतो, आणि आमच्या दृष्टीलाही ते सुखवितात. प्रश्न एवढाच की या दगडांची मजुरी कोणत्या खात्यातून गेली. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, तेव्हा सरंजामी फौजांना घरच्या वसुलावर पोसण्याचा प्रश्न सुटला नाही. तो केवळ परमुलखावर ढकलला गेला. स्वारीने निर्माण केलेला हा घोडेस्वारांचा वर्ग स्वारी संपल्यावर नांगराकडे परत गेला नाही, कारण त्याचा सरंजाम नांगरावर अवलंबूनच नव्हता. मेणवलीच्या देवळापुढे टांगलेली घंटाही अशाच मोहिमेतून आलेली, पोर्तुगिजांची आहे. आमच्या साताऱ्याच्या मुलखातील देऊरचे भोसले नागपुरास गेले, आणि रघूजींच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली १७४२ साली बंगाल्यात शिरल्या. त्यांनी तेथे काय केले ते गंगाराम नावाच्या बंगाली कवीने लिहून ठेवले आहे, आणि आपल्या कवितेला त्याने महाराष्ट्राचे नाव दिले आहे. बंगाली आया मुलांस निजविताना ज्या बर्गीचे भय घालीत तो बर्गी म्हणजे आमचा बारगीर. १७५१ साली अलीवर्दीखानाने सालीना बारा लाख चौथाई कबूल केली तेव्हा तो उपद्रव थांबला. करंज्याच्या छावणीने आमच्या आजोबांच्या शेतांचे जे केले ते त्यांच्या नातवांनी बरद्वानच्या शेतांचे केले, आणि हाही त्या स्वारीचाच परिणाम आहे. इष्टापत्तीवाद्यांच्या भाषणात तो कधी ऐकू येत नाही.

राज्याचे दोन तुकडे झाले त्याची हकीगत सर्वांस ठाऊक असल्यामुळे तिच्यावर शब्द वेचण्याचे कारण नाही. शाहू अठरा वर्षे शत्रूच्या छावणीत राहिले म्हणून ते सुटून आले तेव्हा घरी दुसरा राजा होता. १७०७ साली खेडला मराठ्यांची फौज मराठ्यांच्या फौजेशी लढली. आणि ताराबाईंस दिलेली शपथ मोडवेना, शाहूंवर शस्त्रही धरवेना, म्हणून शंकराजी नारायणांसारख्या कर्त्या पुरुषाने अंबवड्यास आपले जीवित संपविले. सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये १७३१ च्या वारणेच्या तहाने कायम झाली.

राहिला पातशाहीच्या ऱ्हासाचा मुद्दा. औरंगजेबाची मोहीम मोगलांस भोवली, हे निर्विवाद. परंतु शत्रूचे नुकसान म्हणजे आपला लाभ, हे गणित फक्त बुद्धिबळाच्या पटावर बरोबर येते. मोगलांची दक्षिण मोकळी झाली ती निजामाने १७२४ साली घेतली, आणि पुढे शंभर वर्षे तो मराठ्यांच्या कुशीत राहिला. दिल्ली दुबळी झाली ती १७३९ साली नादिरशहाने लुटली, आणि त्याच वाटेने आलेल्या अब्दालीशी १७६१ साली पानिपतावर गाठ पडली. तेथे शिंदे, होळकर, पवार, गायकवाड असे सरंजामदार आपापल्या फौजा घेऊन उभे होते, आणि त्यांतील काहींनी लढाई कोणत्या पद्धतीने द्यावी यावरही शेवटपर्यंत एकमत होऊ दिले नाही. भाऊसाहेबांस दोष देणाऱ्यांनी त्या फौजा कोणत्या करारांवर उभारल्या गेल्या होत्या तेही पाहावे. त्या करारांचा मसुदा जिंजीच्या वेढ्यात तयार झाला होता.

हे करार फार दीर्घायुषी ठरले. इंग्रजी अमलात साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य १८४८ साली खालसा झाले, पेशवाई त्याआधीच गेली होती. परंतु शंकराजी नारायणांच्या वंशजांचे भोर आणि प्रतिनिधी परशुराम त्रिंबकांच्या वंशजांचे औंध ही संस्थाने ८ मार्च १९४८ पर्यंत नांदली, आणि तोवर सातारा जिल्ह्याच्या नकाशावर संस्थानी मुलखाची ठिगळे जागोजाग दिसत. परगणा आणि कुळकर्णी वतने मुंबई विधिमंडळाने १९५० साली कायदा करून रद्द केली. पाटीलकीची वतने त्यानंतर आणखी बारा वर्षे राहिली. १९५० च्या त्या कायद्यात वतनदारांस द्यावयाच्या नुकसानभरपाईची कलमे आहेत. ज्यांच्या जमिनी मोगलांच्या आणि मराठ्यांच्या फौजांखाली पड राहून गतकुळी लिहिल्या गेल्या, त्यांच्यासाठी अशी कलमे कोणत्याही सरकारने केलेली आमच्या पाहण्यात नाहीत.